जेवणाआधी वाचायची वही

मदरचा फोन आला तेव्हा मी गुडघ्याला तेल चोळत बसले होते. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी मदरचा आवाज ऐकला की मी उभी राहते. गुडघा बोंबलतोय, आणि मी आपली तेलकट हाताने फोन धरून उभी, "येस मदर, येस मदर." सवय मेली जात नाही.

परळच्या ज्या कॉन्व्हेंटच्या शाळेत मी लहानपणी शिकले, तिथेच पुढे बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. मदर म्हणजे तिथल्या सिस्टर सुपिरियर. मंगळूरच्या, माझ्याच वयाच्या. त्या म्हणाल्या, "टीचर, हाउस बंद होतंय. नोव्हेंबर एंडला. शाळा ट्रस्ट चालवणार, आम्ही चौघी चार ठिकाणी जाणार. आपल्या जुन्या मुलींना द्यायला आमच्या संस्थेचा इतिहास मराठीत लिहाल का? छोटंसं पुस्तक."

छोटंसं! बत्तीस वर्षं मी हे छोटंसं ऐकलंय. छोटंसं नाटक बसवा, छोटंसं हस्तलिखित काढा. त्या छोट्याशापायी माझे किती रविवार गेले त्याचा हिशेब देव ठेवत असेल तर ठेवो. खरं म्हणजे मला कशाचाच उत्साह नव्हता. सासूबाई चार वर्षं अंथरुणावर होत्या, त्यांना जाऊन सहा महिने झाले होते, आणि त्या गेल्यावर विश्रांती मिळेल असं वाटलं होतं ते खोटं निघालं. थकवा तसाच राहिला, फक्त काम गेलं. भोईवाड्याची चाळ पाडून बांधलेल्या टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर मी दिवसभर नवऱ्याच्या टीव्हीचा आवाज ऐकत बसायचे. त्यापेक्षा हे बरं, म्हणून हो म्हटलं.

दुपारी तीन ते पाच मी कॉन्व्हेंटच्या जेवणघरात बसायचे. चोवीस जणींचं लांब टेबल, आणि जेवणाऱ्या चार. मदरने समोर तीन गोष्टी ठेवल्या. अमेरिकेतल्या मूळ मठाने छापलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, या घराची रोजनिशी, आणि काळ्या पुठ्ठ्याची एक वही. "ही डेडची वही," मदर म्हणाल्या. "आमच्यातल्या गेलेल्यांची. ती शेवटी बघा. फक्त नावं टाइप करायची आहेत."

पहिल्या दिवशी मी पुस्तक उघडते न उघडते तोच समोर लसणाची परडी येऊन आदळली. किचनवाली सिस्टर.

मी इथे कुणाचंच नाव लिहीत नाही, आणि तिचं तर मुळीच नाही. का, ते कळेल पुढे. शाळेत सगळ्या तिला किचनवाली सिस्टरच म्हणायच्या. वसईकडच्या गावातली, वयाच्या सतराव्या वर्षी इथे आली, आता शहाऐंशीची. तेव्हा त्यांच्यात दोन प्रकारच्या सिस्टर असत. एक शिकवणाऱ्या, दुसऱ्या कामाच्या. जिला शिक्षण नाही ती स्वयंपाक, धुणं, बाग यात. टेबलसुद्धा वेगळं. पुढे रोमहून नियम बदलला, सगळ्या सारख्या झाल्या. हिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरं," आणि डाळ शिजत टाकली.

माझी आई मिलमध्ये वाइंडिंग खात्यात होती. तिची सकाळपाळी असली की माझा डबा नसायचा. मधल्या सुट्टीत मी नळापाशी उभी राहून पाणीच पाणी प्यायचे, ते या बाईने बघितलं. त्या दिवसापासून किचनच्या खिडकीतून एक हात बाहेर यायचा, हातात पाव, पावावर साखर. विचारलं काही नाही, सांगितलं कुणाला नाही. त्यामुळे साठाव्या वर्षी मला कुणी "ए पोरी" म्हटलं तर मी चिडते, पण तिच्यावर नाही.

"काय वाचतेस गो?" तिने विचारलं.

"तुमचाच इतिहास, सिस्टर."

"मग मोठ्याने वाच की. माझा आहे तर मलाही कळू दे."

झालं. तेव्हापासून रोज मी इंग्रजी वाचायचे, मराठीत सांगायचे, आणि ती लसूण नाहीतर मटार सोलत ऐकायची. भायखळ्याच्या मार्केटमधून दर गुरुवारी ती स्वतः बसने भाजी आणायची, आणि या वयातही ते काम तिने कुणाला दिलं नव्हतं.

इतिहास असा की युरोपातल्या एका डोंगराळ गावातून सहा सिस्टर निघाल्या. अमेरिकेच्या पश्चिमेकडे तेव्हा नुसता गवताचा माळ, आणि त्यावर नव्याने येऊन बसलेली वस्ती. तिथल्या फादरने पत्र धाडलं होतं: मुलं आहेत, शाळा नाही, तुमच्यासाठी घर तयार आहे, या. समुद्र ओलांडला, मग नदीतून आगबोट, मग बैलगाडी. पोचल्या तर घर म्हणजे मका साठवायची कोठी. तीन भिंती. चौथीच्या जागी काही नाही.

"पुरुषाने घर तयार आहे म्हटलं ना, की असंच असतं," किचनवाली सिस्टर म्हणाली. मी हसले. सिस्टर असून तिला हे कसं ठाऊक, कोण जाणे.

त्यांनी उघड्या बाजूला आपल्या शाली टांगल्या. सकाळी उठल्या तर पांघरुणावर बर्फ. दुसऱ्या वर्षी टोळ आले. पीक तर खाल्लंच, दोरीवर वाळत घातलेले कपडेही खाल्ले. एका उन्हाळ्यात गवताला आग लागली, तेव्हा या बायका ओली पोती घेऊन रांगेत उभ्या राहिल्या आणि शाळा वाचवली. छप्पर व्हायच्या आधी घंटा आली होती, ती झाडाला टांगून वाजवायच्या.

हे सगळं ऐकून झालं की ती रोज एकच विचारायची. "आणि पाव कोण भाजायचं?"

"लिहिलं नाहीये, सिस्टर."

"सहा बाया जेवल्याशिवाय राहिल्या काय?"

मी शोधायला लागले. आधी उगाच, मग इरेला पेटून. सहापैकी चौघींची नावं पुस्तकात पानोपानी. उरलेल्या दोघी म्हणजे "कामासाठी आलेल्या दोन भगिनी". पुढे साडेतीनशे पानं, त्यांना नाव नाही. मठाच्या पहिल्या गाईला नाव आहे! ती कधी व्याली, कधी हरवली, कशी सापडली, सगळं आहे. माझं डोकंच फिरलं. मी पुस्तक दाणकन मिटलं तशी ती म्हणाली, "गाईवर कशाला रागावतेस? ती दूध द्यायची."

आणि त्या जमिनीवर जे मुळात राहत होते त्यांच्या मुली. त्यांनाही या शाळेत आणलं. पुस्तकात ते मोठ्या अभिमानाने आहे. आज अकरा मुली आल्या, आज अकरा मुलींचे केस कापले, आजपासून त्यांनी आपली भाषा बोलायची नाही. त्या अकरांपैकी एकीचंही नाव नाही. मी जन्मभर मराठी शिकवलेली बाई, भाषेचं ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

"केस कापले?" ती म्हणाली. "रडल्या असतील."

"तसं लिहिलं नाही."

"रडल्याच असतील. मी रडले होते." तिचे केस सतराव्या वर्षी कापले होते. पण ती आपल्या मनाने आली होती, एवढा फरक तिनेच मला सांगितला. तो भाग मी पुस्तकात तसाच ठेवला. मदरने वाचून मान खाली घातली आणि म्हणाल्या, "असू दे."

मग ते वहीचं प्रकरण आलं. पहिल्याच हिवाळ्यात सगळ्यात धाकटी सिस्टर तापाने गेली. बावीस वर्षांची. जमीन गोठून दगड झालेली, कुदळ लागेना. पुरता येईना. शेवटी तिला मागच्या पडवीत ठेवलं, बर्फ वितळेपर्यंत. सात आठवडे. रोज संध्याकाळी जेवायला बसायच्या आधी थोरली सिस्टर तिचं नाव मोठ्याने घ्यायची. बाहेर एकटी आहे, तिला ऐकू जावं म्हणून. पुढे जमीन सैल झाली, तिला पुरलं, पण नाव घ्यायची सवय राहिली. रोज नाही, तर तिच्या तारखेला. मग दुसरी गेली, तिच्या तारखेला तिचं. अशी ती वही झाली. जिथे जिथे यांचं घर निघालं, तिथे वहीची एक नक्कल गेली. मुंबईतही आली, आणि इथे गेलेल्यांची नावं त्यात खाली लिहिली गेली. रोज संध्याकाळी साडेसातला, जेवणाआधी, त्या तारखेला गेलेल्या सगळ्यांची नावं वाचायची. शिकवणाऱ्या, कामाच्या, सगळ्या एका पानावर.

नियम एकच. वहीत लिहिलेलं नाव खोडायचं नाही. कारणही पुस्तकात होतं. एका हिवाळ्यात चूल पेटवायला कागद नव्हता म्हणून कुणीतरी वहीचं एक पान फाडलं, आणि त्या पानावरची बाई कोण होती ते पुन्हा कुणालाच आठवलं नाही.

"कुणीतरी कशाला, किचनवालीनेच फाडलं असणार," ती म्हणाली, आणि इतकी हसली की मटाराचं भांडं कलंडलं.

इतकी वर्षं त्या आवारात काढून मला या वाचण्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. शाळा सुटली की मी भोईवाड्याला घरी पळायचे. साडेसातला त्या काय वाचतात, मला काय माहीत?

ऑक्टोबरात मी वही टाइप करायला घेतली. मूळ वही परदेशी जाणार होती, मूळ मठाच्या संग्रहात. सिस्टरांना आपापल्या नव्या जागी वापरायला टाइप केलेली यादी. जुनी पानं बारीक, तिरक्या अक्षरात. काही नावांपुढे त्यांच्या युरोपातल्या गावच्या भाषेत काहीबाही लिहिलेलं. मला ती भाषा येत नाही, आणि मदर म्हणाल्याच होत्या फक्त नावं, म्हणून मी ते सोडून दिलं. डोळे दुखायचे. तारीख, नाव, तारीख, नाव, असं कंटाळत कंटाळत मी नोव्हेंबरपर्यंत आले.

आणि नोव्हेंबरातल्या एका तारखेला किचनवाली सिस्टरचं नाव.

मी चष्मा पुसला. तेच नाव, तेच आडनाव, तेच गाव. आतल्या किचनमधून तिच्या फोडणीचा वास येत होता. मी वही घेऊन तडक मदरकडे गेले.

मदर हसल्या. "अरे हो, ती फार जुनी गोष्ट. सिस्टर तरुण असताना टायफॉइड झाला होता. हॉस्पिटलमध्ये होत्या, डॉक्टरांनी आशा सोडलेली, फादरने मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावलं. जी सिस्टर ही वही लिहायची, तिला दुसऱ्या दिवशी पहाटे महिनाभरासाठी गावी जायचं होतं. काम राहायला नको म्हणून तिने आदल्या संध्याकाळीच नाव लिहून टाकलं. आणि आमच्या सिस्टर तीन आठवड्यांनी चालत घरी आल्या."

"मग खोडलं का नाही?"

"खोडायचं नाही ना, टीचर."

"म्हणजे तुम्ही दरवर्षी... वाचता?"

"वाचतो," मदर म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आल्यासारखं त्या थांबल्या. "लिहिलंय म्हणून वाचतो."

माझा पारा असा चढला! साठ वर्षं एक बाई तुम्हाला जेवू घालते, आणि तिच्या देखत, ती सूप वाढत असताना, तुम्ही तिला मेलेल्यांत मोजता? आमच्याकडे जिवंत माणसाची चुकून वाईट बातमी आली तर त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात, पण ती एकदाच. दरवर्षी कुणी श्राद्ध घालत नाही. मी हे सगळं बोलले. मदरपुढे मी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. त्या बिचाऱ्या घर आवरून आवरून आधीच दमलेल्या. म्हणाल्या, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा, टीचर. नवी यादी आहे. त्यात खोडणं येत नाही."

मी ते नाव यादीत घातलंच नाही. वर आणखी एक शहाणपणा केला. मराठी पुस्तकात शेवटी तिच्यावर एक अख्खं पान लिहिलं, नावगावासकट. पावावरची साखर, भायखळ्याचं मार्केट, सगळं. घरी जाताना मला इतकं हलकं वाटत होतं की लिफ्ट चौदाव्या मजल्यावरच बंद पडली तरी मी उरलेले चार मजले चढून गेले. तिला मात्र काही विचारलं नाही. विचारायचं असतं हे सुचलंच नाही. आयुष्यभर मुलींच्या वह्यांतल्या चुका लाल पेनने सुधारलेल्या, मुलीला कोण विचारतं?

ती तारीख आली तेव्हा मदरने मला जेवायलाच बोलावलं. यादी पहिल्यांदा वाचली जाणार होती, घर बंद व्हायला दहा दिवस उरले होते. टेबलाच्या एका टोकाला आम्ही बसलो. उरलेलं टेबल रिकामं, भिंतींवरच्या तसबिरी उतरवून झालेल्या, त्यांचे चौकोन तेवढे दिसत होते.

किचनवाली सिस्टर इस्त्रीचा पांढरा झगा घालून, डोक्यावरचं कापड नीट पिनअप करून आली. फुगे केले होते. वसईकडे पीठ आंबवून तळतात ते गोल, पावाच्या जातीचे. मदर म्हणाल्या, "सिस्टर दरवर्षी आजच फुगे करतात." माझ्या डोक्यात तरीही काही पेटलं नाही. दगडच मी.

ती बसली नाही. किचनच्या दाराशी, भांडं हातात धरून उभी राहिली, जशी ती आयुष्यभर उभी राहिली असेल. मदरने कागद उचलला आणि वाचलं. तीन नावं माळावरच्या मठातली, एक इथल्या घरातलं. मग मदरने कागद खाली ठेवला आणि प्रार्थनेसाठी हात जोडले.

ती उभीच. मान जराशी पुढे, कान जरासा पुढे. आपण रांगेत असतो आणि आपल्या आधीच्याला हाक मारतात तेव्हा माणूस कसा पुढे सरकतो, तशी.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं, सिस्टर," मदर म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं.

ती आत गेली. फुगे वाढले, सूप वाढलं. आपलं ताट घेतलं नाही, पोट बरं नाही म्हणाली. मी एक फुगा तोडला आणि तसाच ताटात ठेवला. चुकलं, काहीतरी फार चुकलं, एवढं कळत होतं. काय, ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. ती किचनमध्ये बसली होती, परडी नाही, सुरी नाही, हात मांडीवर. रिकाम्या हाताने बसलेलं मी तिला कधी बघितलं नव्हतं.

"तू काढलंस?" ती म्हणाली.

"सिस्टर, तुम्ही जिवंत आहात. ती चूक होती. मला वाटलं तुम्हाला दरवर्षी किती..."

"दरवर्षी काय?"

मी हातातली पर्स ओट्यावर ठेवली.

"वर्षात एकदा माझं नाव घ्यायच्या गो," ती म्हणाली. "एकदा. बाकी सगळे दिवस, सिस्टर मीठ द्या, सिस्टर पाणी द्या. आई गेली, भाऊ गेला, मला नावाने हाक मारणारं कोण राहिलं? त्या एका दिवशी मदर उभी राहून नाव घ्यायची, पूर्ण, आणि सगळ्या माना खाली करायच्या. मी दारात उभी राहून ऐकायचे. पहिल्या वर्षी भीती वाटली. मग पुढच्या वर्षी वाट बघितली."

"पण मेलेल्यांत..."

"मग काय झालं?" ती एकदम तडकली. "मेल्यावर वाचाल, तेव्हा मला ऐकू येणार आहे काय?"

मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

मग तीच म्हणाली, "पाव कोण भाजायचं, विचारत होते ना तुला? कालच्या यादीत तिसरं नाव वाचलं ना, ती. नावापुढे बारीक लिहिलंय त्यांच्या भाषेत, 'पाव भाजत असे'. गोऱ्या मदरने मला सांगितलं होतं, मी नवी होते तेव्हा. ती त्या सहांतली एक. तिची आणि माझी तारीख एक पडली. तिच्यामागे इथल्या एकीचं, आणि मग माझं." तिने पदर नसलेल्या खांद्यावरून हात फिरवला, गावच्या सवयीने. "चुकून का होईना, मला तिच्या पंगतीत बसवलं होतं. तू उठवलंस."

मी रडले. साठ वर्षांची बाई, किचनच्या स्टुलावर बसून, पदरात तोंड खुपसून रडले. म्हटलं, आत्ता वाचते, मदरला बोलावते, सगळ्यांना बोलावते. ती म्हणाली, "आज तारीख आहे काय? तारीख गेली." पुस्तकातलं तिचं पानही तिने काढायला लावलं. "वहीतलं नाव वहीत. छापून वाटायला तो काय चहाचा पुडा आहे?" म्हणून मी इथेही ते लिहीत नाही.

वही कुरिअरने जायच्या आदल्या दुपारी मी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला. तिसऱ्या नावापुढचं बारीक अक्षर मोठं करून बघितलं. महिनाभर ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी येत नाही म्हणून सोडून दिलं होतं.

घर बंद झालं. मदर मंगळूरला गेल्या, किचनवाली सिस्टर वसईजवळच्या म्हाताऱ्या सिस्टरांच्या आश्रमात. पुढचं वर्ष मी कसं काढलं ते मलाच ठाऊक. शहाऐंशीच्या माणसाच्या हाती एक अख्खं वर्ष ठेवायचं म्हणजे काय, कळतंय ना? आठवड्याला फोन करायचे. नवरा म्हणायचा, "अगं, त्या बऱ्या आहेत, तूच आजारी पडशील." जुलैत ती पडली, खुब्याचं हाड मोडलं. महिनाभर माणूस ओळखत नव्हती. मी रोज संध्याकाळी सिद्धिविनायकाला हात जोडायचे आणि परळच्या चर्चमध्ये मेणबत्तीही लावायचे. जो ऐकेल तो ऐको. मागणं एकच, नोव्हेंबर.

नोव्हेंबरात मी वसईला गेले. आश्रमातल्या मदरला आधीच सगळं सांगितलं होतं. या आश्रमात इतर संस्थांच्याही सिस्टर होत्या, त्यांच्यात ही पद्धत नाही. पण त्या म्हणाल्या, या, दुपारच्या जेवणाला वाचा. साडेसातपर्यंत या सगळ्या झोपतात.

तिला व्हीलचेअरमधून आणलं. अर्धी झाली होती. माझ्याकडे बघितलं, ओळखलं की नाही कळलं नाही. समोर भाताची ताटली, ती नुसती चमच्याने भात इकडून तिकडे करत होती. टेबलाभोवती अकरा म्हाताऱ्या. मी उभी राहिले. गुडघा ठणकत होता. मोबाइलवर तो फोटो उघडला, जुनी शाई, जुनं अक्षर, आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचे त्या आवाजात वाचायला लागले. पहिलं नाव. दुसरं. तिसरं घेतलं आणि पुढे मराठीत म्हटलं, "पाव भाजत असे." तिचा चमचा थांबला. चौथं, इथल्या घरातलं. आणि मग पाचवं. पूर्ण, गावासकट, सावकाश.

सगळ्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. तिने घातली नाही. तिने चमचा ठेवला, शेजारच्या सिस्टरला कोपराने ढोसलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "ती मी."

मग म्हणाली, "जेवा गो आता, निवेल." आणि आम्ही जेवलो.